सुनेच्या तोंडावरचे वांग

बायकोला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या दोन्ही गालांवर वांग होते, काळपट डाग. त्यावरची ट्यूब मीच सांगलीच्या मेडिकलमधून आणायचो. पहिल्या महिन्यात ती उजळली. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, उन्हात गेली की आग आग. ती गेली हृदयानं, पण शेवटची वर्षं आरशात बघायची नाही, आणि ते माझ्या हातनं झालं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे, त्यानंच कातडी गेली. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण तो एक शब्द मी पाठ केला.

यंदा सुनेच्या भावाचं लग्न ठरलं. महिना राहिला असताना तिनं माझ्या पोराकरवी निरोप दिला, मामा सांगलीला जातायत तर आत्तींची ट्यूब आणायला सांगा. मामा म्हणजे मी, आत्ती म्हणजे तिची सासू. आमच्यात सासरा सुनेच्या तोंडाकडं बघत नाही. ती बारा वर्षं घरात आहे आणि तिला वांग आहेत हे मला निरोपानं कळलं.

मेडिकलमधल्या पोरीला मी म्हटलं, "वांगावरचं दे. स्टिरॉइडचं नको."

"कुणाला पायजे, आजोबा?"

"मला न्हाई. माझं आता कोण बघतंय?"

ती हसली. म्हणाली, "आधी उन्हाचं क्रीम न्या. ऊन अडवल्याबिगर वांग हलत न्हाईत. आणि चामडीच्या डॉक्टरला दाखवा."

"महिन्यात जातील?"

"न्हाई जायचे."

खरं बोलली म्हणून तेच घेतलं.

घरी आल्यावर पोराकरवी निरोप धाडला नाही. स्वयंपाकघराच्या दारात बसून सुनेला सगळं सांगितलं. तिनं पदर पुढं ओढला. "मला एकच महिना लावायची हाय, मामा. तुमी न्हाई आणली तर भावाकडनं मागवीन."

"मागव. तुझ्या आत्तीला मी आणून दिली. तुला न्हाई देणार."

बराच वेळ ती भाकरी थापत राहिली. मग पदर मागं सारून माझ्याकडं वळली. "बघा, किती हायत ते."

मी बघितलं. "लय न्हाईत."

"तुमाला चष्म्याबिगर काय दिसतंय?" म्हणाली, पण हात पुसून क्रीम घेतलं. त्याच आठवड्यात डॉक्टरकडंही गेली.

लग्नात वांग होते तसेच होते. तिच्या मावशीनं मांडवातच विचारलं, "तोंडाला काय झालं गं?"

"वांग हायत, मावशी. औषध चालू हाय. जातील सावकाश," म्हणाली, आणि तशीच हळद लावायला पुढं गेली.

मी जवळच्याच पंगतीत बसून ऐकत होतो. वाढप्याला म्हटलं, "जिलेबी वाढ अजून."