चावीवाल्याची गल्ली

आमचे हे पाणीखात्यात चावीवाले. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि एकेका गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांनी उघडतो हे ह्यांना तोंडपाठ. बाजारातून काय आणायला सांगितलं ते मात्र कोपऱ्यावर जाईपर्यंत विसरलेलं.

एकतीस वर्षांत ह्यांनी एक नेम मोडला नाही. आपल्या गल्लीचं पाणी सगळ्यात शेवटी सोडायचं. तोवर टाकीत काय उरणार, डोंबल? करंगळीएवढी धार. शेजारणी मला टोमणे मारायच्या, मी ह्यांना घालूनपाडून बोलायची. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "चावीवाल्यानं स्वतःच्या घरी पाणी ओढलं, असं कुणी म्हणायला नको."

मग सरकारची नवी योजना आली. जिथे पाण्याचा दाब कमी, तिथे आधी नवी मोठी पाइपलाइन. दाब मोजायला वरच्या कार्यालयातून इंजिनिअर बाई येणार होत्या, आणि सुरुवात आमच्याच नळापासून. आता नेहमीसारखं पाणी सोडलं असतं तरी काम झालं असतं की नाही? पण साहेबलोक येणार म्हटल्यावर ह्यांच्या अंगात आलं. खात्याचं नाक कापलं जायला नको म्हणून त्या दिवशी आमचा व्हॉल्व्ह सगळ्यात आधी आणि पुरता उघडला. नळ धो धो वाहायला लागला. मीही शहाणी, पिंप, बादल्या, पातेली, होतं नव्हतं ते भरत सुटले. बाईंनी नळाला दाबमापक लावला, आकडा लिहिला आणि गेल्या.

आठवड्यानं यादी लागली. आमची गल्ली यादीत नाही. दाब उत्तम म्हणे.

"पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं तुम्ही पाणी सजवलंत," मी म्हणाले. हे दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाईंच्या कार्यालयात निघाले. मीही मागोमाग गेले, कारण साहेबापुढे ह्यांच्या तोंडातून शब्द फुटेल याचा मला भरवसा नव्हता.

पण ह्यांनी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "काका, हे लेखी द्यावं लागेल. मग पुन्हा मोजू. पण तुमच्या सेवापुस्तकात शेरा जाईल. निवृत्तीला किती राहिलंय?"

"आठ महिने," हे म्हणाले, आणि पेन मागितलं.

पुन्हा मोजलं तेव्हा काटा जेमतेम हलला. पाच महिन्यांत पाइप पडला. आता सगळ्या गल्ल्यांना एकाच वेळी पाणी येतं आणि शेजारणी मला चहाला बोलावतात.

निवृत्तीच्या दिवशी हे सेवापुस्तकाची प्रत घेऊन आले. ह्यांनी ती न उघडताच टेबलावर ठेवली, मी उघडली. एकतीस वर्षांत एकच शेरा: 'स्वतःच्या गल्लीस जादा पाणी सोडल्याबद्दल ताकीद.' माझं डोकंच फिरलं. आत्ताच्या आत्ता जाऊन खोडायला लावते, म्हणत मी चपला शोधायला लागले.

"राहू दे," हे म्हणाले. "सोडलंच होतं की त्या दिवशी."

मी तिथेच दारात बसले आणि रडले.