पल्लवीला लागलेला करंट

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. अंगात येणं, दृष्ट लागणं असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या बौद्ध घरात ते कुणीच मानत नाही.

मी हैदराबादच्या एका संशोधन लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथजवळ. तिथे धाकटी बहीण रेखा राहते. तिच्या मुलीला, पल्लवीला, सिकलसेल आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, मग सांधे असे दुखतात की पोर भिंतीला डोकं टेकून नुसती बसते.

आमचं काम याच आजारावर. रुग्णाच्या रक्तातून मूळ पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना विजेचा बारीक झटका द्यायचा... क्षणभर पेशीचं आवरण उघडतं आणि जीनमध्ये बदल करणारं प्रोटीन आत शिरतं. हे सगळं लॅबमधल्या प्लेटमध्येच. त्या पेशी परत कुणाच्या शरीरात जात नाहीत. पण पल्लवीचं रक्त मागताना मी रेखाला घाईघाईत एवढंच म्हणालो, “तिच्या पेशी आमी दुरुस्त करतो.”

एका दुपारी पल्लवीच्या पेशींना झटका देऊन बाहेर आलो, तर फोनवर तिचाच मिस्ड कॉल. मी परत लावला.

“जय भीम मामा. आत्ता मले करंट लागला. बोटापासून खांद्यापर्यंत!”

“ओल्या हातानं बटण दाबलं असशील.”

“लाईनच नाही सकाळपासून. तुमी पाठवला का तिकडून?”

ती हसली. मला हसू आलं नाही... विजेच्या झटक्याबद्दल त्या घरात मी कुणालाच बोललो नव्हतो.

या आजारात कळा येतातच, अशी मनाची समजूत घातली. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर सगळ्या पेशी मेलेल्या. असं होतं कधीकधी. लॅबच्या मॅडमना अजून सांगितलंही नव्हतं, तेवढ्यात रेखाचा फोन.

“दादा, पल्लवी रडून राह्यली. म्हणते, माह्या मेल्या सगळ्या. काय मेल्या, ते काही सांगत नाही.”

मिळाली ती बस धरून गाव गाठलं. पल्लवी खाटेवर मुटकुळं करून पडलेली. फळीवर तिच्या रोजच्या गोळ्यांची पाकिटं न फोडलेली.

“गोळ्या काऊन बंद केल्या?” मी ओरडलो.

रेखा उसळली, “मलेच इचारतं काऊन? तूच तं म्हणला, दुरुस्त करतो. दुरुस्त झाल्यावर गोळ्या कायले लागतात?”

मी पल्लवीला उचललं. तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, कळ उतरायला लागली.

गोळ्या थांबल्या म्हणून दुखणं वाढलं, एवढं मला कळतं. पण लाईन नसलेल्या घरातला तो करंट... आणि त्या मेलेल्या पेशी तिला कशा कळल्या? पल्लवीला विचारलं, तर म्हणाली, “मालूम नाही मामा. आतून रिकामं वाटलं.” खूप डोकं खाजवलं, थकलो. उत्तर आजही नाही.

त्याच खाटेजवळ मी दोघींना म्हणालो, “ते रक्त अभ्यासाले नेलं होतं, इलाजाले नाही. हे मले ठाऊक होतं, अन् मी सांगितलं नाही. तुमाले खोट्या आशेले मीच लावलं. रेखा... पल्लवी... मले माफ करा.”