आवाज बसला

मुरुमच्या बंडप्पांची पांढरी ॲम्बॅसडर आधी ऐकू यायची, मग दिसायची. गावातल्या कितीतरी पोरी त्या गाडीतून सासरी गेल्या होत्या. आता ती आठवड्यातून दोनदा सोलापूरला जाई, बायकोच्या, पार्वतम्मांच्या डायलिसिससाठी. एक खेप चुकली होती तेव्हा पार्वतम्मांच्या अंगात पाणी चढलं होतं, धाप लागून त्यांना आडवंसुद्धा होता येईना. त्या दिवसापासून बंडप्पांनी खेप चुकू दिली नव्हती.

दिवाळीनंतर इंजिनातून ठुकठुक येऊ लागली. गॅरेजवाल्या बिभीषणानं कान लावला.

"अप्पा, बेअरिंगा झिजल्यात. इंजिन उतरवावं लागंल. गाडी ठिवा हितंच."

"आन् ही सोलापूरला कशी जाईल?"

"तवर भाड्याची गाडी सांगा की."

"माझी गाडी दारात असताना हिला परक्याच्या गाडीत घालू व्हय? तेल बदल. जरा घट्ट घाल."

"जुन्या इंजिनाला एक पायरी घट्ट चालतं. घालतो. पण त्याच्या म्होरं जाऊ नका. थंडीत लई घट्ट तेल वर चढतच न्हाय, इंजिन कोरडंच फिरतं."

नव्या तेलानं ठुकठुक चार खेपा दबली, मग पुन्हा आली. नळदुर्गच्या ढाब्यावर चहा पिताना ढाबेवाल्या हिंमतरावांनी ती ऐकली.

"मालक, गिअरचं तेल वता. माझा ट्रक दोन वरसं पळाला त्याच्यावर."

"मग?"

"मग इकला!"

सगळे हसले. बंडप्पाही हसले आणि जाताना हिंमतरावांकडून गिअरच्या तेलाचा एक डबा घेऊन गेले.

अंगणात त्यांनी स्वतःच जुनं तेल काढलं आणि हे ओतलं. काकवीसारखी धार, तुटता तुटेना. चावी फिरवली तर इंजिन सुरू झालं, ठुकठुक अगदी गप्प.

"बघ, आवाज बसला," ते आनंदानं म्हणाले.

"मला तर कुणी तोंड दाबल्यागत वाटतंय," पार्वतम्मा म्हणाल्या.

बिभीषणाच्या गॅरेजवरून जाताना बंडप्पांनी मान दुसरीकडे वळवली.

थंडी वाढली तसा समोरचा तेलाचा लाल दिवा सकाळी विझायला वेळ घेऊ लागला. बंडप्पा अंगणातच थांबून राहत, तो विझला की मगच बायकोला हाक मारत. एका खेपेला हायवेला लागल्यावर तो पुन्हा लुकलुकला.

"अवो, ते लाल काय पेटलंय?"

"काय न्हाय. थंडीनं हुतं तसं."

बायकोशी ते सहसा खोटं बोलत नसत. पार्वतम्मांनी शाल गळ्याशी ओढून घेतली.

नळदुर्ग मागं पडलं. चढाला दिवा पक्का पेटला, तापलेल्या लोखंडाचा वास आला. गाडी थांबवावी हे बंडप्पांना कळत होतं. पण थांबलो तर खेप चुकेल, या एका भीतीनं त्यांनी पाय आणखी दाबला. जरासंच, म्हणत राहिले, चढ संपेपर्यंत.

चढ संपला नाही. खालून कडाड आवाज आला, इंजिन जाम झालं, गाडीला हिसका बसला आणि चाकं फरफटली. त्यांनी झटक्यात क्लच दाबला. मागचा ट्रक भोंगा वाजवत अगदी कडेनं घासून गेला. बंडप्पांनी कशीबशी गाडी बाजूच्या मुरमावर उतरवली.

मग काहीच वाजत नव्हतं, तेव्हा त्यांना पार्वतम्मांच्या छातीतली घरघर ऐकू आली. ती मुरुमपासून असावी. इतका वेळ त्यांचा सगळा जीव इंजिनाकडे लागलेला होता.

"कवापास्नं हाय हे?"

"सकाळपास्नं," त्या म्हणाल्या. "तुमी घाबराल म्हनून..."

बंडप्पा रस्त्यात उतरले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. दोन ट्रक थांबले नाहीत. तिसरा कांद्याचा टेम्पो होता, तो थांबला. ड्रायव्हरनं आणि त्यांनी मिळून पार्वतम्मांना वर घेतलं. बंडप्पांनी त्यांचं डोकं खांद्यावर टेकवून धरलं.

"आलंच सोलापूर," ते म्हणाले.

सोलापूर अजून लांब होतं. पार्वतम्मांनी हुंकार दिला नाही.