जावयाला चढली

बोरीच्या कडूबाईचा नवरा दारूनं गेला. तेव्हापासून समोरचा काय बोलतो याकडं तिचं लक्ष नसायचं, जीभ कुठं अडखळते तेवढंच ती ऐकायची. म्हणून जावई बालाजीचा लडाखहून फोन आला तसे तिचे कान टवकारले.

बालाजी तिकडं रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला गेला होता. पोचल्या पोचल्या त्याला उंच घाटात धाडलं होतं. बाळंतपणाला माहेरी आलेली त्याची बायको राजेश्री आता लेकरू घेऊन सोनपेठला सासरी निघायची होती.

"डोकं ठणकायलंय. मला चढली, मामी," बालाजी जडजड बोलला.

"कितीक घेतली, जावईबापू?"

"न्हाई वो... ते..." पुढचं त्याला सुधरेना. पोटच्या लेकीचं नावही आठवेना.

कडूबाईनं फोन ठेवला. "कुठं जायचं न्हाई," ती राजेश्रीला म्हणाली.

"आई, ते माळकरी हायत."

"तुझा बापबी माळ घालूनच प्यायचा."

तिनं बजरंगला फोन लावला. हा येलदरीचा, बालाजीच्याच खोलीत राहणारा. "त्यांचं तोंड हुंगून बघ."

"तुमच्या जावयाचं तोंड मी कशापायी हुंगू, मावशी? इथं उंचीचा तरास झाला की चढली म्हणत्यात. हवाच पातळ हाय."

"हवेनं कुठं जीभ जड होतीय? सरळ रेघंवर चालायला लाव. पिणाऱ्याचं सोंग तिथंच उघडं पडतंय." नवऱ्याला ती शेताच्या बांधावरून चालायला लावायची.

बजरंग हसत गेला. परत फोन आला तेव्हा हसू गेलं होतं. "वास कशाचाच न्हाई, मावशी. पर पाऊल टाकलं की कलंडायलाय."

न पिता माणूस कलंडतो म्हणल्यावर कडूबाई ओरडली, "मंग बोलत काय बसलास? सायबाला सांग, डाक्टरकडं न्या."

ऑक्सिजन लावून त्याला गाडीनं खाली उतरवलं. डॉक्टरांनी राजेश्रीला फोनवर समजावलं. वर प्राणवायू कमी पडतो, म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिकडं जास्त रक्त जातं. माणूस सवडीनं चढला तर शरीर जुळवून घेतं, वाढलेलं रक्त काही दिवसांत पुन्हा बेतावर येतं. बालाजीला तेवढी सवड कुणी दिलीच नव्हती. त्याच्या मेंदूला सूज आली होती. वरच राहिला असता तर वाचला नसता.

जीभ मोकळी झाल्यावर बालाजीनं आधी सासूला फोन केला. "मामी, तुमी माझ्यावर भरवसा ठेवला असता, तर मी गेलोच असतो."

कडूबाईनं फोन लेकीच्या हातात दिला. "लय गोड बोलायलेत. काय पायजे ते इचार." आणि चुलीकडं वळता वळता म्हणाली, "उद्याच्या एसटीनं जा सोनपेठला. लेकराला टोपडं बांध."