राणीच्या गाऊनला हळदीचं बोट

नौबादमध्ये घरी बसून मी ब्लाऊज शिवते. साधे, अस्तराचे, फुग्याच्या बाह्यांचे, सांगाल तसे. पण परदेशातल्या राणीचा गाऊन शिवायची वेळ माझ्यावर पोटच्या पोरीनं आणली. मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाली, "अगदी असाच पायजे, मम्मी." फिकट निळा सॅटीन, जमिनीवर लोळणारा घेर, छातीच्या खालपासून कमरेपर्यंत मणीच मणी. फोटो समोरून काढलेला, त्यामुळं राणीची पाठ कशी होती ते देवालाच ठाऊक. मी आपली सवयीनं पाठीमागं नाडी आणि लटकन लावलं, तर पोरगी रडकुंडीला आली. "राणीला लटकन असतंय व्हय?" उसवलं बाई, तेही उसवलं.

दुसरी कुणी असती तर भाड्याचा आणून दिला असता. पण हिचं प्रकरण वेगळं. घरात मराठी आणि शाळेत कानडी; गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगमध्ये कानडीतून भाषण करताना ही मधेच अडकली, पोरं हसली, आणि ही स्टेजवरून उतरून थेट घरी आली. त्यानंतर वर्गात हात वर करणंही बंद. यंदा राणी होऊन चार वाक्यं बोलते म्हणाली, पण गाऊन असा हवा की बघून कुणी हसूच नये. अशा पोरीला नाही कसं म्हणायचं?

मणी लावायला खजुरीहून माझी थोरली बहीण आली. अक्काचा हात वाकळा शिवण्यात मुरलेला. तिनं दुहेरी दोऱ्यानं मणी असे आवळले की सॅटीनला चुण्या पडल्या.

"अक्का, जरा सैल धर की!"

"सैल धरल्यावर धुण्यात टिकंल का?"

राणीचा गाऊन ही बाई दगडावर आपटून धुणार होती! ती पुढं टाचायची आणि मी मागून उसवायची. सुई टोचून बोटांची चाळण झाली, आणि डोकं तर सदाच तापलेलं.

गॅदरिंगच्या दिवशी गाऊनला इस्त्री करून तो खाटेवर पसरला. खरं सांगते, देखणा झाला होता. पोरीची वेणी घालून परत येते तर अक्का करंडा घेऊन खाटेपाशी उभी. आमच्यात नवं कापड अंगावर घालण्याआधी त्याला हळदीचं बोट लावतात. लावायचं ते आतल्या कोपऱ्याला, कुणाला दिसणार नाही असं. अक्कानं लावलं होतं बरोब्बर छातीवर, मणी संपून कोरं सॅटीन सुरू होत होतं तिथं.

"अक्का, हे काय करून ठेवलंस!"

"कामून वरडायलीस? काळजापाशी लावलंय. आता पोरगी अडकायची न्हाई."

मी घाईघाईनं ओल्या फडक्याला साबण लावून चोळलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जन्मभर कपडे धुणाऱ्या बाईला नेमकं तेव्हाच आठवू नये! बोटभर पिवळं होतं, त्याचा रुपयाएवढा लाल डाग झाला. मी अक्काला नाही नाही ते बोलले. तिनं तोंडाला पदर लावला.

पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, संपलं, आता ही काही जात नाही. ती खाटेपाशी आली आणि डागाकडं बघत राहिली.

"ते आता काढू नको, मम्मी. राहू दे. वरून फूल लाव."

उरलेल्या कापडाचं मी फूल केलं. अक्कानं ते दुहेरी दोऱ्यानं टाचलं आणि या वेळी मी तिला सैल धर म्हणाले नाही.

स्टेजवर पोरीची दोन वाक्यं झाली आणि ती थांबली. तिसरं येईना. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात तिचा हात त्या फुलावर गेला, तिथंच दाबून राहिला, आणि तिसरं वाक्य आलं. मग चौथंही आलं.

अक्काला यातलं काहीच दिसलं नाही. ती शेजारच्या बाईला घेराला किती कापड लागलं ते सांगण्यात दंग होती. मीही तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी अख्खा करंडा ओतेल.