वरच्या मजल्यावरच्या जीउनचा डेंग्यू

"डेंग्यू आहे. ॲडमिट करावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

मी अडखळले. "बहीणच समजा," म्हणाले.

खरं तर मी तिची घरमालकीण. जीउन कोरियाची. नवरा चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. मोशीला आमच्या वरच्या मजल्यावर ते राहायला येऊन जेमतेम तीन-चार महिने झाले होते. थोरला मिन्हो बालवाडीत, धाकटी सोआ नुकती पावलं टाकायला लागलेली. जिन्यात भेट झाली की आम्ही हसायचो, मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचो, इतकीच ओळख.

नवरा कंपनीच्या कामासाठी कोरियाला गेला आणि त्याच आठवड्यात तिला ताप भरला. तिने कुणाला सांगितलं नाही. मिन्हो खाली येऊन माझ्या सासूबाईंना म्हणाला, "आजी, मम्मा झोप. उठत नाही." तेव्हा आम्ही वर धावलो.

एनएस वन, म्हणजे रक्तात डेंग्यूच्या विषाणूचा अंश आहे का हे बघणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली होती. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी झाल्या होत्या. कपडे घ्यायला घरी आलो, तर मुलांना सोडून दवाखान्यात राहायला जीउन तयारच होईना. सासूबाईंनी सोआला कडेवर घेतलं. "जा बाई तू निवांत. लेकरं माझ्याजवळ हायेत," म्हणाल्या. शब्द कळले नसतील, पण ती निघाली.

दोन्ही मुलं मऊ भात-तूप खात होती, पण संध्याकाळ झाली की सोआ दाराकडे बघत रडायची. सासूबाई तिला घेऊन गच्चीवर फेऱ्या मारायच्या. मी दवाखाना आणि घर करत होते.

मग ताप उतरला. मला हायसं वाटलं. जीउन घरी जायचं म्हणू लागली. राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही "आय ॲम ओके" म्हणाली. पण ते गेल्यावर मी तिचा हात हातात घेतला, तर तो गार होता. सूपही तसंच पडलेलं. मी तिच्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, हिला तुमच्या भाषेत विचारा.

ती बोलू लागली आणि बोलता बोलता रडायला लागली. नवऱ्याने मला सांगितलं, सकाळपासून तिच्या पोटात खूप दुखतंय, उलट्याही झाल्यात. तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून ती गप्प होती.

मी नर्सला बोलावलं. डॉक्टर लगेच परत आले. "ताप गेला की लोक निर्धास्त होतात," ते म्हणाले, "डेंग्यूत खरं जपायचं तेव्हाच असतं." प्लाझ्मा लीकेज सुरू झालं होतं, म्हणजे रक्तातला पाण्याचा अंश रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत होता. बीपी उतरत होतं. तिला आयसीयूत हलवलं, मोजूनमापून सलाइन सुरू केलं. बाहेरच्या बाकावर बसून मी पहिल्यांदाच घाबरले. मुलांना काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

नवरा मिळेल त्या विमानाने निघाला आणि विमानतळावरून थेट दवाखान्यात आला. तोवर बीपी सावरलं होतं. तिने भूक लागली म्हटलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले.

तुमच्या घरी कुणाला डेंग्यू झाला, तर ताप उतरल्यावरही पोटदुखी, उलट्या, गार हातपाय यांच्याकडे लक्ष ठेवा. आणि माणूस परक्या मुलखातला असेल, तर त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या.

त्या डॉक्टरांचे, नर्सबाईंचे उपकार मी विसरणार नाही. जीउन आता मला ताई म्हणते.

गेल्या महिन्यात माझी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन जर्मनीला राहायला निघाली. घरभर बॅगा पसरल्या होत्या. कुकर न्यायचा की तिकडेच घ्यायचा, यावर आमचा खल चालला होता. जीउन सोआला मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी तिने माझ्या मुलीचा हात धरला आणि आमच्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "आधी शेजारी बघ. कुकर नंतर."