भिंतीवरचं नाव

"पुस ते," साहेब म्हणाले आणि थिनरमध्ये बुडवलेला बोळा त्यांनी माझ्या अंगावर फेकला. हातात दिला नाही. फेकला. सगळ्या पाहुण्यांसमोर.

बहरीनमधल्या मनामा शहरातला मोठा हॉल. त्याची आख्खी भिंत मी रंगवलेली. चित्र असं, की एक अरब म्हातारी आणि एक ज्यू म्हातारी शेजारीशेजारी बसल्यात आणि एकच खुबूस, म्हणजे इकडची रोटी, मोडून खातायत. अरब आणि ज्यूंमध्ये कलेने पूल बांधायचा, असा तो कार्यक्रम. कागदावरचं चित्र दोन बायांनी काढलेलं. एक इथलीच, बहरीनची. दुसरी ज्यू, इस्रायलहून आलेली. दोघी चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू? एकमेकींचं ऐकायच्या, खळखळून हसायच्या. पण कागद वहीएवढा आणि भिंत दोन मजली. चौकटी आखून, परांचीवर चढून, अकरा दिवस ते मी भिंतीवर उतरवलं. म्हाताऱ्यांच्या हातांवरच्या शिरा माझ्या. खुबूसवरचे करपलेले ठिपके माझे.

काम संपल्यावर उजव्या कोपऱ्यात, खाली, बोटभर मराठी अक्षरांत मी माझं नाव टाकलं. आमच्या रायगडात प्रत्येक पेंटर टाकतो. दुकानाची पाटी असो नाहीतर जयंतीचा फलक. हात आपोआप तिथे जातो. चूक म्हणा हवं तर.

साहेब आमच्या कंपनीचे मॅनेजर, पुण्याचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग "गावात कुठे?" तेवढ्यात त्यांना कळायचं ते कळलं. त्यांच्या घरच्या गणपतीची आरास मी दोनदा केली. जेवण मला बाहेर लिफ्टजवळ मिळालं, कागदाच्या प्लेटमध्ये. आणि हेच साहेब त्या दिवशी माईकवर इंग्रजीत सांगत होते, एका भाकरीला दोन हात लागले की वैर संपतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

बहरीनच्या बाईने वाकून अक्षरं बघितली. हे काय आहे, विचारलं.

"नथिंग, मॅडम. डर्ट," साहेब हसून म्हणाले.

घाण. माझ्या बापाने ठेवलेलं नाव! कानशिलं तापली. व्हिसा ह्या माणसाच्या हातात, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. तरी तोंडातून निघालंच.

"नो डर्ट. माय नेम. आय पेंट."

दोघी बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. ज्यू बाई काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात फोटोवाल्याने दोघींना भिंतीपुढे उभं केलं. त्या उभ्या राहिल्या. मी बोळा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी शहराबाहेर मआमीरला, तेलाच्या टाक्यांना रंग मारायला. नाव त्यांनी दुसऱ्याकडून पुसून घेतलं. मग साहेबांनी ऑफिसात बोलावून एक कागद पुढे सरकवला. मी न विचारता भिंत खराब केली, माफी मागतो, असं त्यात लिहिलेलं. सही केली तर नोकरी. नाही तर व्हिसा खलास. विचार करायला एक दिवस.

बायकोला फोन केला. "करा की सही," ती म्हणाली. "नाव काय चाटायचंय? पोरीची बारावी आहे." तिचंही खरंच होतं. रूमवर आठ जण, सगळ्यांनी ऐकलं, कोणी माझ्याकडे बघेना. चहूकडे समुद्र. जाणार कुठे?

सकाळी गेलो. साहेबांनी पेन पुढे केलं. "लिही नाव."

च्यायला! भिंतीवर माझं नाव घाण, आणि माफीनाम्यावर मात्र हवं?

"नाही लिहिणार, साहेब. माझा पासपोर्ट द्या."

"पासपोर्ट मफी. मिळणार नाही. आधी सही."

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसलो. एवढ्या वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी बसलो नव्हतो. दुपारी वॉचमनला बोलावून त्यांनी मला बाहेर काढलं.

उद्या परत जाणार आहे. परवाही. त्यांच्यासमोर बसून पासपोर्ट मागणार. सही देणार नाही.